विभागीय पिनहोल मेळावा : डबा सर्वांना एकच असावा की ज्याचा त्याचा?

सुईधारक

विभागीय मेळाव्याची तारीख जवळ येत असल्यामुळे हा धागा काढत आहे. एप्रिलचा शेवटचा रविवार बदलावा असे कोणालाच वाटत नसावे. २००१ पासून जगभरचे पिनहोलवाले, म्हणजे भिंगाऐवजी सुईने पाडलेल्या छिद्राच्या बंद डब्याने चित्र टिपणारे, त्याच दिवशी आपापले डबे घेऊन बाहेर पडतात आणि त्या दिवशी टिपलेले प्रत्येकी एकच चित्र जागतिक पिनहोल दिनाच्या सामायिक दालनात ठेवतात. म्हणून तारखेचा विषय सोडून देतो. मला बोलायचे आहे ते डब्यांबद्दल.

मागच्या मेळाव्याला आपण २४ जण होतो आणि कॅमेरेही २४ तऱ्हांचे होते. पत्र्याचे गोल डबे होते, बुटांची खोकी होती, पस्तीस मिलिमीटरचे रीळ ओवलेली काडेपेटी होती, आणि एका सदस्यांनी तर चक्क जुनी पत्र्याची ट्रंक आणली होती. हे सारे पाहायला देखणे होते, हे मी नाकारत नाही. पण उन्हात उभे राहून सर्वांना सरसकट ‘चाळीस सेकंद’ सांगण्याची चूक माझ्या हातून झाली आणि पहिल्या फेरीतले अकरा कागद, म्हणजे डब्यात लावलेले प्रकाशसंवेदी फोटोपेपर, वाया गेले. त्यांतले काही जास्त उजेडाने कोळशासारखे काळे निघाले, तर काही कमी उजेडाने जवळजवळ कोरे.

कारण उघड आहे. ०.३ मिमी व्यासाच्या छिद्रातून ०.६ मिमीच्या छिद्राच्या एक चतुर्थांशच प्रकाश आत येतो, आणि छिद्रापासून कागदापर्यंतचे अंतर दुप्पट केले की कागदावरचा उजेड पुन्हा एक चतुर्थांशावर येतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की एकाचे चाळीस सेकंद म्हणजे दुसऱ्याची दहा मिनिटे होतात.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की या वेळी आयोजकांनीच सारख्या मापाचे डबे तयार करून सर्वांना द्यावेत. आतला व्यास १०० मिमी, छिद्र ०.४५ मिमी, आणि कागद छिद्रासमोरच्या अर्धगोल भिंतीला लावलेला. हे माप मी मनाने ठरवलेले नाही. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये पिनहोल छायाचित्रणावर निबंध लिहिला आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे सूत्र आपण आजही वापरतो : छिद्र ते कागद हे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांचा गुणाकार करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला १.९ ने गुणायचे. अंतर १०० मिमी आणि तरंगलांबी ०.०००५५ मिमी घेतली की उत्तर ०.४५ च्या आसपास येते. छिद्र याहून मोठे असेल तर दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा कागदावर मोठा ठिपका होतो, आणि लहान असेल तर विवर्तनामुळे प्रकाशच पसरू लागतो. छिद्र जितके बारीक तितके चित्र रेखीव, हा समज एका मर्यादेपुढे उलटा पडतो.

अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-आकडा मिळतो; तो जितका मोठा, तितका उजेड कमी. १०० ला ०.४५ ने भागले की एफ/२२२ मिळते. फोटोपेपरची संवेदनशीलता आयएसओ ६ धरली, तर स्वच्छ उन्हात एफ/१६ ला एक षष्ठांश सेकंद पुरतो. एफ/२२२ ला त्याच्या सुमारे १९३ पट वेळ लागतो, म्हणजे ३२ सेकंद. दीर्घ एक्स्पोजरला, म्हणजे छिद्र बराच वेळ उघडे ठेवले की, कागद थोडा आळसावतो, म्हणून मी चाळीस म्हणतो. डबे सारखे असले तर हे एकच उत्तर सर्वांना लागू पडेल, आणि आपला दिवस हिशेबात न जाता चित्रांत जाईल. सदस्यांनी आपली मते मांडावीत.

लाल दिवा

सुईधारक यांनी केलेला हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आयता डबा हातात दिला तर तो कॅमेरा चालवण्याचा वर्ग होईल, पिनहोलचा मेळावा होणार नाही. गेल्या वेळी जे कागद वाया गेले ते डबे वेगवेगळे होते म्हणून नव्हे, तर ते मोजलेले नव्हते म्हणून. छिद्र मोजणे अजिबात अवघड नाही. पत्र्याची चकती साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून २४०० डीपीआयला (इंचाला २४०० पिक्सेल) स्कॅन करावी. त्या मापाला १ मिलिमीटरमध्ये सुमारे ९४ पिक्सेल मावतात, त्यामुळे छिद्राच्या व्यासात ४२ पिक्सेल भरले तर ते ०.४५ मिमीचे आहे. शिवाय छिद्र गोल आहे की लंबगोल, कडेला पत्र्याची चीर लोंबते आहे का, हेही पडद्यावर स्पष्ट दिसते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की माणूस पुढचे छिद्र आपोआप नीट पाडतो.

नवीन येणाऱ्यांसाठी माझी पद्धत सांगतो. शीतपेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो आणि आपल्या कामाला तो उत्तम आहे. त्याचा दोन बोटे रुंद तुकडा कापून जाड पुठ्ठ्यावर ठेवावा आणि दहा नंबरची शिवणाची सुई उभी धरून हलकेच दाबावी. आरपार जाऊ द्यायची नाही, पलीकडे फक्त फुगवटा यायला हवा. मग पत्रा उलटून तो फुगवटा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून घासावा. घासता घासता फुगवट्याच्या टोकाशी पत्रा विरतो आणि उजेडाचा अगदी बारीक ठिपका दिसू लागतो. तो दिसला की थांबावे, सुईचे टोक दोन बोटांत फिरवत त्यात घालावे, पुन्हा एकदा घासावे, पुन्हा फिरवावे. घाईने आरपार भोसकलेल्या छिद्राला नळीसारखी जाड कड राहते आणि ती कड बाजूने येणारा तिरका प्रकाश अडवते. गोल डब्यात चित्राच्या दोन्ही टोकांना जो काळोख दिसतो, तो पुष्कळदा या नळीमुळेच आलेला असतो.

आणखी एक दुरुस्ती. साध्या फोटोपेपरला हिरवा प्रकाश दिसतच नाही, त्याला मुख्यतः निळाच दिसतो. म्हणून तर आपण लाल दिव्याखाली काम करू शकतो. कागदासाठी तरंगलांबी ०.०००४५ मिमी धरायला हवी. मग तुमचे ०.४५ मिमीचे छिद्र ०.४० वर येते.

सुईधारक

तरंगलांबीचा मुद्दा मान्य आहे. छिद्र ०.४० मिमी झाले की एफ/२५० होते आणि वेळ सव्वा पटीने वाढतो. मात्र ०.४० आणि ०.४५ यांतला फरक प्रत्यक्ष चित्रात किती जणांना ओळखता येईल, याविषयी मला शंका आहे.

धूसरपंथी

कोणालाही ओळखता येणार नाही. किंबहुना रेखीवपणाचा एवढा ध्यास पिनहोलमध्ये घ्यावा का, असेच मला विचारायचे आहे. इंग्रज छायाचित्रकार जॉर्ज डेव्हिसन यांनी १८९० मध्ये ‘द अनियन फील्ड’ हे चित्र पिनहोलने टिपले, तेव्हा भिंगे उपलब्ध नव्हती म्हणून नव्हे, तर त्यांना तो मऊपणाच हवा होता. दूरचे झाड आणि पायाजवळचा दगड सारख्याच मऊ रेषेत येणे हे भिंगाला जमत नाही. सूत्र पाळावे, पण सूत्राबाहेरचे छिद्र घेऊन येणाऱ्या सदस्याला चुकीचे ठरवू नये, एवढीच विनंती.

काळी चिकटपट्टी

एक अनुभव नोंदवतो. गेल्या वेळच्या वाया गेलेल्या अकरा कागदांत एक माझा होता आणि माझे छिद्र अगदी मापात होते. गडबड झाकणाची होती. झाकण काळ्या प्लॅस्टिकचे होते. घरातल्या दिव्याखाली ते ठार काळे वाटे, पण उन्हात धरल्यावर तपकिरी दिसू लागले. म्हणजे प्रकाश झाकणातूनच आत येत होता. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या डब्याची कोरी चाचणी घेतो. आत कागद लावून, छिद्र बंद ठेवून डबा दहा मिनिटे भर उन्हात ठेवायचा, मध्ये एकदा उलटा करायचा आणि मग कागद डेव्हलप करायचा (त्यावर पडलेला प्रकाश रसायनाने उमटवायचा). कागद पांढराशुभ्र निघाला तरच डबा मेळाव्याला न्यायचा. राखाडी पट्टा आला तर तो कोणत्या बाजूला आहे यावरून फट कुठे आहे तेही कळते.

अंधारखोली

छिद्र आणि डबा यांवर चर्चा चालू आहे, पण गेल्या मेळाव्यात अंधारखोली सांभाळत होतो म्हणून सांगतो की खरी कोंडी तिथे झाली होती आणि ती कोणत्याही मापाच्या डब्याने सुटणार नाही.

एका कागदाला २० अंश तापमानाला चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये दीड मिनिट, ते उमटणे थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये अर्धा मिनिट, चित्र कायम करणाऱ्या फिक्सरमध्ये दोन मिनिटे आणि पाण्यात चार मिनिटे लागतात. एका तबकात तीन कागद सुखाने हलवता येतात, त्यामुळे कागदावरच्या हिशेबाने २४ जणांचे डेव्हलपिंग बारा मिनिटांत उरकायला हवे. प्रत्यक्षात पहिली फेरी संपायला सव्वा तास लागला. याचे कारण तबके नव्हेत, तर दार होते. कोणी बाहेर जायचे म्हटले की आतल्या सर्वांनी आपापले कागद डब्यात घालायचे, पाकीट बंद करायचे, मग दार उघडायचे, आणि पुन्हा अंधार झाला की हरवलेले झाकण चाचपडत शोधायचे. त्यातच एकाने फिक्सरच्या ओल्या बोटांनी कोरा कागद पाकिटातून काढला. पुढच्या चार चित्रांवर त्याच्या अंगठ्याचा ठसा इतका सुरेख उमटला आहे की चित्रापेक्षा तोच पाहत राहावा.

माझ्या मागण्या दोनच आहेत. दाराच्या आत काळ्या कापडाचा दुहेरी आणि वळणाचा आडोसा हवा, म्हणजे माणूस पहिला पडदा सोडूनच दुसरा उचलेल आणि दार उघडताना काम थांबणार नाही. आणि कागद भरण्याची जागा ओल्या टेबलापासून पूर्णपणे वेगळी हवी, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत. बाह्यांची काळी पिशवी असेल त्यांनी डबा तिच्यातच भरावा आणि अंधारखोलीत फक्त डेव्हलपिंगसाठी यावे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नये. त्यासाठी झाकणाचा कॅन ठेवणार आहे.

जाता जाता कॉन्ट्रास्टविषयी, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाविषयी. उन्हात टिपलेले कागदी निगेटिव्ह (उजेडाच्या जागी काळे येणारे चित्र) फार कडक येते. आकाश ठार काळे आणि सावल्या कोऱ्या. मल्टिग्रेड कागद (फिल्टरने ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलता येतो तो) असेल तर छिद्रामागे पिवळ्या फिल्टरचा तुकडा लावावा. साध्या कागदाला भरण्यापूर्वी अगदी मंद प्रकाश दाखवावा, इतका मंद की तो एकटा कागदावर काही उमटवणार नाही. पट्ट्या कापून, एक-एक सेकंद वाढवत आदल्या दिवशीच तो वेळ ठरवता येतो. सर्व कागद मी असेच तयार करून आणेन. यात मात्र मी सुईधारक यांच्या बाजूचा आहे : डबा ज्याचा त्याचा असो, कागद सर्वांना एकच असावा.

नवा सदस्य

माझ्याकडे डिजिटल एसएलआर कॅमेरा आहे. त्याच्या बॉडी कॅपला (भिंग काढल्यावर त्या जागी बसवायच्या झाकणाला) भोक पाडून वर छिद्राचा पत्रा चिकटवला तर मेळाव्यात चालेल का? आणि चित्र फार धूसर येते, त्यावर काही उपाय आहे का?

लाल दिवा

नक्कीच चालेल, आणि एक्स्पोजरचा अंदाज बांधायला तुमचा कॅमेरा इतरांच्याही उपयोगी पडेल. मात्र धूसरपणावर उपाय नाही. समजा, माउंटपासून (भिंग बसवायच्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी आहे. त्याला योग्य छिद्र ०.३ मिमीचे, म्हणजे जवळजवळ एफ/१५०. एवढ्या बारीक छिद्राला विवर्तनामुळे एका बिंदूचा ठिपका ०.२ मिमी रुंद होतो, आणि तुमच्या सेन्सरच्या ३६ मिमी रुंदीत असे ठिपके फार तर १८० मावतात. सेन्सर कितीही मेगापिक्सेलचा असला तरी हे बदलत नाही. मोठ्या कागदाचा फायदा इथेच दिसतो : ठिपका थोडा वाढतो, पण कागद त्याहून कितीतरी पटीने वाढतो. एक पूर्वसूचना देतो. एफ/१५० ला सेन्सरवरची धूळ स्पष्ट ठिपक्यांच्या रूपात दिसते, तेव्हा सेन्सर आधी स्वच्छ करून घ्यावा.

सहामाही

मी वर्षभर सोलरग्राफी करतो, म्हणजे आकाशातली सूर्याची रोजची वाट महिनोन्महिने एकाच कागदावर टिपतो, त्यामुळे एप्रिलची तारीख मला नेहमीच अडचणीची वाटते. माझे डबे २२ डिसेंबरच्या सुमाराला लागतात आणि २१ जूनला उतरतात. सूर्याची सर्वांत खालची कमान आणि सर्वांत वरची कमान यांच्या मधला सारा पट्टा एका कागदावर यायचा असेल तर मध्येच डबा काढून चालत नाही. मेळाव्यात उघडायला माझ्याकडे अर्धवट चित्रेच असतात. तारीख बदला असे म्हणत नाही, पण जूनच्या अखेरीस डबे उघडण्यासाठी अर्ध्या दिवसाची छोटी बैठक घेता येईल का? तिला अंधारखोलीही लागणार नाही, कारण हा कागद डेव्हलप करायचाच नसतो. इतक्या दीर्घ प्रकाशात चित्र कागदावर आपोआप उमटते, ते फक्त स्कॅन करायचे.

या ‘फक्त’मध्येच मी एकदा फसलो. डब्यातून काढलेला कागद अजून प्रकाशाला जागा असतो आणि स्कॅनरचा दिवाही त्याला काळवंडवतो. सहा महिन्यांच्या कागदावर मी सवयीने आधी प्रीव्ह्यूचे बटण दाबले, मग चौकट नीट केली, मग पुन्हा प्रीव्ह्यू घेतला, आणि शेवटच्या स्कॅनपर्यंत आकाशातला तो तांबूस-जांभळा रंग डोळ्यांदेखत मंदावला होता. आता मी त्याच मापाचा कोरा कागद ठेवून चौकट आधी ठरवतो आणि खरा कागद एकदाच स्कॅन करतो. ओल शिरलेले कागद मात्र फेकू नयेत. बुरशीने त्यांवर जे हिरवे-निळे डाग पडतात ते कोणत्याही फिल्टरने साधत नाहीत.

धीराची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो : हर्टफर्डशर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ मध्ये लावलेला पेयाचा एक डबा तसाच राहून गेला आणि थेट २०२० मध्ये उतरवला गेला. त्या एका कागदावर सूर्याच्या २,९५३ कमानी मोजल्या गेल्या.

उलटे घर

जूनच्या बैठकीला माझे अनुमोदन आहे. एप्रिलच्या मेळाव्यासाठी माझी सूचना अशी की एक खोली पूर्ण काळी करून तिचाच कॅमेरा करावा. डब्यात काय घडते ते कोणालाच दिसत नाही, पण खोलीत आपण स्वतःच डब्याच्या आत उभे असतो. अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी ग्रहणाच्या प्रतिमांचा अभ्यास असाच केला, आणि हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हे नाव पुढे १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केपलरने रूढ केले. त्याचा अर्थच मुळी अंधारी खोली.

रॅलेचे सूत्र येथे जसेच्या तसे लावू नये. चार मीटर खोलीला ते २.८ मिमीचे छिद्र सांगते, पण तेवढ्या छिद्रातून भिंतीवर पडणारे चित्र इतके मंद असते की डोळे सरावायला वीस मिनिटे लागतात आणि तोपर्यंत लोक कंटाळून बाहेर पडतात. मी १२ मिमीचे छिद्र घेतो, धूसरपणा पत्करतो, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर झाडे खाली शेंडा करून डोलताना लगेच दिसतात. याच छिद्रावर पाव नंबरचे चष्म्याचे भिंग, म्हणजे +०.२५, लावले तर त्याचे नाभीय अंतर बरोबर चार मीटर असल्यामुळे चित्र एकदम रेखीव होते.

धूसरपंथी

भिंग लावले की ते पिनहोल राहिले नाही. खोली जरूर करावी, पण भिंगाशिवाय.

उलटे घर

आधी भिंगाशिवाय दाखवू, मग दोन मिनिटे भिंग लावून फरक दाखवू आणि काढून ठेवू. एवढ्यावर तडजोड व्हावी. खोलीच्या छिद्राला डोळा लावून कोणी सूर्याकडे पाहणार नाही, याकडे लक्ष ठेवायला मात्र एक जण दारापाशी हवा. चित्र भिंतीवर पाहायचे असते, छिद्रातून नव्हे.

सुईधारक

सर्वांचे म्हणणे वाचून माझा मूळ प्रस्ताव मागे घेतो. डबे ज्याचे त्याचेच राहतील. मात्र प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असावी आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : छिद्राचा मोजलेला व्यास, छिद्र ते कागद हे अंतर, आणि कोरी चाचणी झाली की नाही. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांची चकती सकाळी तिथेच मोजून देऊ. त्या आकड्यांवरून प्रत्येकाचा उन्हातला वेळ मी लिहून देईन आणि ढग आले तर त्याला आठाने गुणायचे, एवढा एकच नियम तोंडपाठ ठेवायचा. कागद अंधारखोली यांच्याकडून सर्वांना एकच मिळेल. आडोशाचे कापड माझ्याकडे आहे. जूनच्या बैठकीसाठी सहामाही यांनी वेगळा धागा काढावा.

राहिला समूहचित्राचा प्रश्न. ते या वेळी ट्रंकने टिपावे असे ठरत आहे. तिची खोली ४०० मिमी आणि छिद्र ०.८ मिमी, म्हणजे एफ/५००. स्वच्छ उन्हात धरून चालू की तीन मिनिटे लागतील. गेल्या वेळी चाळीस सेकंदांतही एका सदस्यांनी माशी हाकलली आणि त्यांच्या खांद्यांवर डोक्याऐवजी धुराचा गोळा आला, त्यामुळे या वेळी सर्वांनी खाली बसावे, हात गुडघ्यांवर ठेवावेत आणि हनुवटी मुठीवर टेकावी. पापण्या लवल्या तरी हरकत नाही. ट्रंकेवर दोन जड दगड ठेवू, म्हणजे वाऱ्याने ती हलणार नाही. चिकटपट्टी काढणाऱ्याने घाई न करता चालत येऊन कडेच्या मोकळ्या जागेवर बसावे; त्याच्या दहा सेकंदांच्या चालण्याची खूणही कागदावर उरणार नाही. मात्र वेळ संपल्यावर तो उठून पट्टी पुन्हा लावेपर्यंत बाकीच्यांनी जागचे हलू नये.